गाडीतला आवाज

ताजबीच्या कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून हारिस आईला दर आठवड्याला बावड्याहून बारामतीच्या दवाखान्यात न्यायचा. खड्डा आला की स्टेअरिंग खालून खाडकन वाजायचं आणि हारिसचा जीव वरखाली व्हायचा. दुखऱ्या कंबरेच्या आईला असल्या खिळखिळ्या गाडीतून न्यायचं, हे त्याला सहन होईना.

"वाजू दे की रं. मला त्याचा काय तरास न्हाय," ताजबी म्हणाली. पण त्यानं ऐकलं नाही. अंगणातच गाडी जॅकवर चढवली, इंदापूरहून आणलेलं नवं बुश स्टेअरिंग रॅकला बसवलं आणि सगळा रविवार गाडीखाली लोळण्यात घालवला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या वाटेवर गाडी लोण्यासारखी वळत होती. खाडखाड पार थांबली होती. पण पहिल्याच खड्ड्याला हारिसनं कान टवकारले. काहीतरी बारीक, दबकं वाजलं होतं. पुढच्या खड्ड्याला पुन्हा तेच. त्यानं काचा वर घेतल्या, रेडिओ बंद केला. तरी चैन पडेना, म्हणून गाडी कडेला घेऊन एकेक चाक हलवून पाहिलं. सगळं घट्ट होतं.

"अम्मी, तुला येतोय का गं आवाज?"

"न्हाय बाबा. चल तू," मागच्या सीटवरून ताजबी म्हणाली.

त्यानं गाडी सावकाश पुढं काढली, आणि खड्डा येताच सहज आरशात पाहिलं.



ताजबीनं डोळे गच्च मिटून पदराचा बोळा दातांत धरला होता, आणि आवाज तिथूनच येत होता.