करपलेला खवा

कढईतला खवा परतता परतताच निरंजननं वडिलांना सांगून टाकलं, त्यांच्याकडे न बघता. "तात्या, मूल होत नाही, याचा दोष माझ्यात आहे, तुमच्या सुनेत नाही. शुक्रजंतू तयार करणाऱ्या पेशींत एक एन्झाइम असतं, ते माझ्यात मंदावलंय. डॉक्टर म्हणाले, रोजची ही धग त्याला मारक आहे. काही महिने भट्टीपासून लांब राहिलो, तर सुधारेल बहुतेक."

तात्या पेढे वळत राहिले.

दुसऱ्या दिवशी निरंजन दुकानात आला, तर गुडघ्यांनी बेजार झालेले तात्या भट्टीपुढे पाट टाकून बसलेले. "तू गल्ल्यावर बस," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळानं नेहमीच्या शिंगटेकाकू आल्या. "अगबाई, तात्या, या वयात तुम्ही भट्टीवर? आणि लेक गल्ल्यावर?"

निरंजननं मान खाली घालून गल्ल्यातली चिल्लर मोजायला घेतली.

"काय सांगू, वहिनी," कढईवरची नजर न काढता तात्या म्हणाले, "पोराचा हात बिघडलाय. हल्ली खवा करपवतो."

काकू हळहळत गेल्या. निरंजन बघतच राहिला. कालचा पेढा आजचा म्हणून तात्यांनी कधी विकला नव्हता. आज मात्र ते गिऱ्हाइकाशी धडधडीत खोटं बोलले होते, तेही आपल्याच दुकानाच्या मालाला नावं ठेवून.

तो काही बोलणार, तोच भट्टीकडून आवाज आला, "बघतोस काय? पंखा लाव आणि त्याच्याखाली बस."