वरून दुसरी पायरी

"रेघोट्या ओढून पोट भरतं का रे?" असं चार माणसांत हिणवणाऱ्या थोरल्याने नव्या घराच्या जिन्याचं डिझाइन धाकट्या भावाकडूनच फुकटात करून घेतलं. धाकट्याने कॉम्प्युटरवर एकच पायरी काढली, तीच वरपर्यंत वापरली. एकीचं माप बदललं, की सगळ्यांचं बदलायचं. मग वरून दुसरी पायरी त्याने या साखळीतून सोडवून तेवढीच बोटभर उंच केली. थोरला एकदा तरी ठेचकाळून तोंडावर आपटणारच! जिना बसला आणि थोरल्याचा फोन आला. "झकास झालाय रे! माझे गुडघे गेलेत, मी खालीच. वरची खोली आईला दिली. म्हणते, 'धाकट्याने केलेला जिना, डोळे मिटून चढेन!' निघालीसुद्धा." खरं सांगावं, तर धाकट्याला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. "सावकाश चढ म्हणावं तिला," तो म्हणाला आणि जिन्यावरून आवाज ऐकू यायच्या आत फोन ठेवला.