निरोगी छाती

खडी क्रशरच्या गेटवरच्या यंत्राला छाती टेकवली की ते श्वास ऐकून निकाल सांगे. वीस वर्षं दगडाची धूळ खाल्लेल्या कोंडाबाईच्या श्वासाला, कानापाशी केस चोळावेत तशी करकर होती. तरी हिरवा दिवा लागला. "निरोगी."

"मेल्या, मला दोन पायऱ्या चढवत नाहीत!" ती सुपरवायझरवर ओरडली.

"मावशी, इथल्याच हजार कामगारांचे श्वास ऐकून शिकलंय मशीन. चुकत नाही."

डबा घेऊन आलेल्या नव्या सुनेला कोंडाबाईने पुढे ओढून यंत्राला टेकवलं. लाल दिवा लागला. "श्वासात दोष. करकर नाही."

"मग लाव हिला कामाला," कोंडाबाई धापा टाकत म्हणाली. "वीस वर्षांत हीपण निरोगी होईल!"