खिंडीतली हाक

अकरा वर्षांपूर्वी आपण लिहिलेली वाट ऊर्मिला आज पुन्हा पायाखाली घालत होती. तिचा ब्लॉग वाचून लोक अजून या डोंगरावर येत, आणि चुकत. एसटीची वेळ बदलली होती, वळणावरचा आंबा पडला होता. मोबाइलवर एकेक ओळ सुधारत, तिच्याखाली आजची तारीख टाकत ती खिंडीत पोचली. पुढची ओळ होती: ‘इथून बिरूमामा धनगरांना हाक मारा. ताक मिळेल.’

धुक्यातून त्यांचं झोपडं अलगद वर आलं, तरंगत असल्यासारखं. दारात मामी एकटीच ताक घुसळत बसली होती.

“मामा कुठं गेले?”

“गेलं की गं. दोन दिवाळ्या झाल्या.”

ऊर्मिला मोबाइल घेऊन तिच्याशेजारी टेकली. मग चाचरत म्हणाली, “मामी, ब्लॉगवरची ती ओळ काढून टाकते. लोक उगाच हाका मारतात, तुम्हाला त्रास.”

मामीची रवी थांबली. “काढू नगंस, बाय. खालनं हाक आली की वाटतं, म्हातारा हितंच कुठं रानात हाय.”

तेवढ्यात धुक्याच्या तळातून अनोळखी हाक आली, “बिरूमामाऽऽ!”

“आले, आले!” मामीनं पदर सावरला आणि ताकाचा तांब्या घेऊन ती लगबगीनं धुक्यात उतरली.

ऊर्मिलानं ओळ पुन्हा वाचली. हाक मारली की ताक मिळत होतं. तिनं एक अक्षर बदललं नाही. फक्त खाली आजची तारीख टाकली.