फाल्कचा उपास

कोसळलेल्या बर्फाखालून फाल्कने तिघांना हुंगून काढलं, पण तिघंही मेलेले. तेव्हापासून कुत्रा अन्नाला शिवेना. अख्खं गाव हळहळलं; कुणी कलेजी आणली, कुणी सॉसेज.

"एकदा जिवंत माणूस सापडला की सावरेल तो," त्याचा मालक लोरेन्झ म्हणाला. "कोण पुरून घेतंय बर्फात?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

"मला पुरा," वाल्बुर्गाकाकू म्हणाली.

फाल्कने तिला उकरून काढलं, तोंडभर चाटलं आणि सगळी कलेजी फस्त केली. लोकांनी टाळ्या पिटल्या. लोरेन्झचा जीव भांड्यात पडला.

"काकू, फार उपकार केलेस."

"त्या तिघांत माझा पोरगा होता, लोरेन्झ," ती अंगावरचा बर्फ झटकत म्हणाली. "मी जेवले का, ते विचारायला कुणी फिरकलं नाही."