टोबीचा पट्टा

एडिनबराजवळच्या टेकडीवर धुकं उतरू लागलं, तशी राजश्री सारखी मागे वळून बघू लागली. वडिलांचा हात धरायला गेली, तर त्यांनी तो झटकला.

"बाबा, टोबीचा पट्टा सोडू नका हं. मेंढ्यांची कोकरं लहान आहेत. कुत्रा मागे लागला तर शेतकरी गोळी घालतात."

"किती वेळा सांगशील?"

खाली गाडीपाशी पोचल्यावर बाबांनी पट्टा तिच्या हातात दिला. "बघ, एवढ्या धुक्यातही हरवू दिलं नाही त्याला."

राजश्रीचा जीव भांड्यात पडला. टोबी तिला सोडून कधीच कुठे जात नसे. गेल्या महिन्यात एकटेच फिरायला गेलेले बाबा मात्र पोलिसांना सापडले, तेव्हा त्यांना स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं.