उकळेल पानी

"हाई काय करी ऱ्हायनी तू?"

भिकुबाईने सुनेचं मनगट धरलं. उकळून ठेवलेलं पाणी रुपा मोरीत ओतत होती. शेजारी विकतच्या पाण्याचा जार होता.

"आई, हाई पानी..."

"चूप! एक पोर तुन्हा हातनं गई. आते धीरजले बी मारशी का?"

ब्राह्मणपुरी गावात कोणाला ठाऊक नव्हतं? पहिली लेक चेतना पाळण्यातच गेली, ओठ आणि नखं निळी पडून. रुपाला दूध पुरत नव्हतं, पोरगी वरच्या दुधावर. भुकटी कालवायला मळ्यातल्या विहिरीचं पाणी. ते भिकुबाई स्वतः उकळायची, पातेलं निम्मं होईस्तोवर. नातीवर जीव होता हो तिचा!

चेतना गेल्यावर डॉक्टरांनी रुपाला बोलावून घेतलं होतं. परतली ती सासूसमोर ओट्यावर येऊन बसली.

"एकदाव कच्चं पानी मीच पाजं," ती म्हणाली होती.

झालं! नवऱ्याने, भाग्येशने, तिच्याशी धड बोलणं टाकलं. सासूने तर चारचौघींत तिला पोरखाऊ म्हटलं. रुपा खाली मान घालून ऐकायची.

आणि आता ही थेरं! दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं. ही बया उकळलेलं पाणी ओतून देते?

भिकुबाईने तान्ह्या नातवाला, धीरजला, कडेवर घेतलं आणि सुनेला ओढत शहाद्याची एसटी पकडली. डॉक्टर तेच होते.

"इले समजाडा, डाक्टर! उकळेल पानी फेकी देस!"

डॉक्टरांनी रुपाकडे पाहिलं. तिने मान हलवली. नाही, नाही.

"पुरे आता, रुपाताई," ते म्हणाले. मग भिकुबाईकडे वळले. "आजी, उकळल्याने जंतू मरतात. खताचा क्षार तसाच राहतो, पाणी आटेल तसा उलट दाट होतो. तान्ह्या पोराला तो विषच, पोर निळं पडतं. तुमच्या विहिरीत तोच निघाला."

भिकुबाईने धीरजला छातीशी घट्ट धरलं.

"कव्हय निंघना?"

"चेतना गेली तेव्हाच. तुम्हाला सांगू नये म्हणून हिने माझे पाय धरले होते."